प्राणवायूची किंमत: पेशींच्या संरक्षणाचा शोध कसा लागला

१९४२ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरातले नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी एका नव्याच आजाराची नोंद केली. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या काही बाळांच्या डोळ्यांत भिंगामागे राखाडी-पांढरा पडदा तयार होत होता आणि ती बाळे कायमची आंधळी होत होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरातल्या सुमारे १०,००० बाळांची दृष्टी या आजाराने हिरावून नेली. त्यातली बरीचशी अमेरिकेतली होती. गरीब वस्त्यांतल्या साध्या दवाखान्यांपेक्षा अद्ययावत इन्क्युबेटर असलेल्या नामांकित रुग्णालयांत हा आजार जास्त दिसत होता, आणि तेच सर्वांना बुचकळ्यात टाकणारे होते. जीवनसत्त्वे, लोह, उजेड, दूध अशा कितीतरी गोष्टींवर संशय घेऊन झाला. अखेर १९५१ साली मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी एका अनपेक्षित दिशेला बोट दाखवले. बाळांना जगवण्यासाठी इन्क्युबेटरमध्ये मुक्तहस्ताने सोडला जाणारा ऑक्सिजनच त्यांचे डोळे घालवत असावा, असे त्यांनी मांडले. अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून एक नियोजित चाचणी घेतली. १९५४ साली तिचे निष्कर्ष आले आणि संशय खरा ठरला.

ज्याच्यावाचून माणूस काही मिनिटेही जगू शकत नाही, तो वायू विषारी कसा ठरतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना विज्ञानाला पेशीच्या आतली एक अफाट संरक्षणव्यवस्था सापडली. अँटिऑक्सिडंट हा शब्द आज चहाच्या खोक्यापासून चेहऱ्याच्या क्रीमपर्यंत सगळीकडे छापलेला असतो. पण त्यामागचा इतिहास जाहिरातींत सांगितला जातो त्याहून कितीतरी गुंतागुंतीचा आहे, आणि बराच वेदनादायीही.

ऑक्सिजनबद्दलची शंका त्याच्या शोधाइतकीच जुनी आहे. १७७४ साली जोसेफ प्रीस्टली यांनी हा वायू वेगळा केला आणि स्वतः हुंगूनही पाहिला. त्यात मेणबत्ती भराभर जळून संपते हे पाहून त्यांच्या मनात आले, की अशा शुद्ध हवेत माणसाचे आयुष्यही असेच लवकर सरेल काय? शंभर वर्षांनी फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी त्या शंकेला प्रयोगाचा आधार दिला. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या प्राण्यांना झटके येऊन ते मरतात, असे त्यांनी १८७८ च्या आपल्या ग्रंथात दाखवले. १८९९ साली जेम्स लॉरेन स्मिथ यांना दिसले, की दाब त्याहून कमी असला तरी ऑक्सिजनमध्ये फार काळ राहिलेल्या प्राण्यांच्या फुप्फुसांना सूज येते. दुसऱ्या महायुद्धात शुद्ध ऑक्सिजनवर श्वास घेणाऱ्या पाणबुड्यांना पाण्याखाली झटके येऊ लागले, तेव्हा नौदलांनाही या धोक्याची दखल घ्यावी लागली. विषबाधा होते हे सर्वांना दिसत होते. ती कशी होते हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

उत्तराचा पहिला धागा वैद्यकात नव्हता, रसायनशास्त्रात होता. १९०० साली मिशिगन विद्यापीठातले मोझेस गोम्बर्ग एक अवघड संयुग तयार करू पाहत होते. हाती आले ते भलतेच: अत्यंत क्रियाशील, हवा लागताच बदलणारे. तो पहिला ओळखला गेलेला मुक्त मूलक होता. रेणूंमधले इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. एखाद्या अणूत किंवा रेणूत एकटा, बिनजोडीचा इलेक्ट्रॉन उरला, की तो मुक्त मूलक, म्हणजेच फ्री रॅडिकल. अशा बहुतेक रेणूंना स्वस्थता नसते. ते शेजारच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेतात, मग तो शेजारी बिनजोडीचा होतो आणि पुढच्याकडून ओढतो. एका घटनेतून अशी साखळी सुरू होते.

गोडेतेल किंवा खोबरे जुने झाले की खवट होते, त्यामागेही हीच साखळी असते. हवेतल्या ऑक्सिजनमुळे स्निग्ध पदार्थांचे रेणू एकामागून एक बिघडत जातात. पहिल्या महायुद्धाच्या काळात शार्ल मुरो आणि शार्ल ड्यूफ्रेस हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ हवेत आपोआप बिघडणारे एक युद्धरसायन टिकवण्याच्या खटपटीत होते. काही फिनॉल वर्गातले पदार्थ अगदी किंचित मिसळले, तरी हा बिघाड थांबतो असे त्यांना आढळले. या पदार्थांचा रेणू आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि तरीही स्वतः बऱ्यापैकी शांत राहतो, त्यामुळे साखळी तिथेच तुटते. लवकरच रबर, पेट्रोल आणि खाद्यतेलांच्या कारखान्यांत अशी रसायने वापरली जाऊ लागली. म्हणजे अँटिऑक्सिडंट ही कल्पना आधी उद्योगधंद्यात रुजली आणि तिथून ती शरीराच्या अभ्यासात आली.

जीवनसत्त्वांचा शोधही याच दशकांतला. १९२२ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना उंदरांच्या प्रजननासाठी आवश्यक असा एक घटक सापडला. तेच ई जीवनसत्त्व. ते तेलात विरघळते आणि स्निग्ध पदार्थांना खवट होण्यापासून वाचवते, हे पुढे लक्षात आले. हंगेरीचे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी आधी प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथींतून एक पदार्थ वेगळा केला होता. १९३० च्या दशकात सेगेद शहरात त्यांना तोच पदार्थ तिथल्या लाल ढबू मिरचीत विपुल सापडला. तो क जीवनसत्त्व निघाला. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण ही जीवनसत्त्वे पेशीत नेमकी कोणाशी झुंजतात, हे सांगता येत नव्हते. मुक्त मूलक इतके दाहक आणि क्षणजीवी असतात, की जिवंत पेशीत ते असूच शकणार नाहीत, असा बहुसंख्य जीवशास्त्रज्ञांचा समज होता.

या समजाला १९५४ साली तीन बाजूंनी धक्का बसला. रोचेस्टर विद्यापीठात अर्जेंटिनाहून आलेल्या शरीरशास्त्रज्ञ रेबेका गेर्शमन ऑक्सिजनच्या विषबाधेचा अभ्यास करत होत्या. अणुयुग सुरू झाले होते आणि किरणोत्सर्गाने शरीराचे काय होते, हा सगळ्यांच्या काळजीचा विषय होता. क्ष-किरण शरीरातल्या पाण्यातून मुक्त मूलक निर्माण करतात, हे तोवर माहीत झाले होते. उंदरांवरच्या प्रयोगांत गेर्शमन यांना दिसले, की किरणोत्सर्ग आणि जास्त ऑक्सिजन एकमेकांचा घात वाढवतात, आणि एकापासून वाचवणारी काही रसायने दुसऱ्यापासूनही वाचवतात. दोन्हींची यंत्रणा एकच असली पाहिजे आणि ती मुक्त मूलकांची असली पाहिजे, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले. त्याच वर्षी सेंट लुइसमध्ये बॅरी कॉमनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिनजोडीचे इलेक्ट्रॉन ओळखणाऱ्या नव्या तंत्राने वनस्पती व प्राण्यांच्या ऊती तपासल्या. तिथे मुक्त मूलकांच्या खुणा सापडल्या.

तिसरे नाव डेनहॅम हार्मन यांचे. शेल कंपनीच्या प्रयोगशाळेत मूलकांच्या रसायनावर काम केलेला हा रसायनशास्त्रज्ञ वार्धक्याच्या कोड्याने इतका झपाटला, की नोकरी सोडून वैद्यकीय शिक्षणाला बसला. १९५४ च्या अखेरीस बर्कलीत त्यांना वाटले, की आपल्याला उत्तर सापडले आहे. श्वसनातून सतत तयार होणारे मुक्त मूलक पेशींची हळूहळू नासधूस करतात आणि तीच साठत जाऊन म्हातारपण येते. १९५६ साली हा सिद्धांत छापून आला, तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. शरीरात मूलक सतत तयार होतात आणि शरीर त्यांचा बंदोबस्त करते, याचा ठोस पुरावा हार्मन यांच्याकडे नव्हता.

तो पुरावा मिळायला १९६९ साल उजाडावे लागले. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात अर्विन फ्रिडोविच आणि त्यांचे तरुण विद्यार्थी जो मॅकॉर्ड एका विकराच्या अभिक्रियेचा अभ्यास करत होते. तिला अडवणारा घटक शोधता शोधता ते तांबे असलेल्या एका प्रथिनापर्यंत पोचले. हे प्रथिन अनोळखी नव्हते. १९३८ साली केंब्रिजमध्ये मान आणि केइलिन यांनी ते गाईगुरांच्या रक्तातून वेगळे केले होते. पण त्याचे काम काय, हे तीस वर्षांत कोणालाच कळले नव्हते. ते तांबे साठवत असावे, एवढाच तर्क होता. मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी दाखवले, की ते विकर आहे आणि त्याचे काम एकच: सुपरऑक्साइड या मूलकाचा नायनाट करणे. ऑक्सिजनच्या रेणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटला की सुपरऑक्साइड होतो. या विकराला त्यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे नाव दिले.

या शोधाने वादाचे पारडे फिरले. ज्याचा बंदोबस्त करायला शरीराने खास विकर घडवले आहे, ती गोष्ट शरीरात असणारच, आणि तिच्यापासून धोकाही असणारच. दोनच वर्षांत फ्रिडोविच यांच्या गटाने सूक्ष्मजीवांची पाहणी केली. ऑक्सिजनमध्ये जगणाऱ्या जंतूंमध्ये हे विकर होते. ऑक्सिजन लागताच मरणाऱ्या जंतूंमध्ये ते आढळले नाही.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत संरक्षणाची संपूर्ण रचना उलगडत गेली. आपण घेतलेला बहुतेक ऑक्सिजन पेशींतल्या तंतुकणिकांमध्ये वापरला जातो. तिथे अन्नातले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनकडे पोचवले जातात, ऊर्जा मिळते आणि पाणी तयार होते. या वाटेवर थोडे इलेक्ट्रॉन निसटतात आणि सुपरऑक्साइड जन्मतो. डिसम्युटेज त्याचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते. तंतुकणिकांत या विकराचा मँगनीज असलेला प्रकार काम करतो, पेशीद्रवात तांबे आणि जस्त असलेला. पेरॉक्साइडही धोक्याचेच. कॅटॅलेज हे विकर त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करते. जखमेवर पेरॉक्साइड टाकले की फेस येतो, तो याच विकराच्या कामामुळे. सेलेनियम असलेले ग्लुटॅथिऑन पेरॉक्सिडेज हे दुसरे विकर तेच काम ग्लुटॅथिऑन या गंधकयुक्त रेणूच्या मदतीने करते. वापरलेले ग्लुटॅथिऑन पेशी पुन्हा ताजे करून घेते. ग्लुटॅथिऑन आपली पेशी स्वतःच बनवते, ते बाजारातून आणावे लागत नाही.

एवढे करूनही पेरॉक्साइड उरले आणि त्याची मोकळ्या लोहाशी गाठ पडली, तर हायड्रॉक्सिल हा सर्वांत जहाल मूलक तयार होतो. जिथे जन्मतो तिथेच तो डीएनए, प्रथिने, चरबी, जे समोर येईल त्यावर तुटून पडतो. त्याला अडवायला कोणतेही विकर नाही. म्हणून शरीर लोह मोकळे सोडतच नाही. रक्तात ते ट्रान्सफेरिनमध्ये आणि पेशीत फेरिटिनमध्ये बांधून ठेवले जाते. पेशींच्या स्निग्ध आवरणात ई जीवनसत्त्व पहाऱ्याला असते. ते साखळी तोडते आणि त्यात खर्ची पडते, मग क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामाला लावते. यातूनही जी मोडतोड होते ती दुरुस्त करणारी विकरे वेगळी आहेत, आणि डीएनएमधली दुरुस्ती तर आयुष्यभर अखंड चालू असते. हे संरक्षण किती अत्यावश्यक आहे, ते १९९५ मध्ये दिसले. तंतुकणिकांमधले डिसम्युटेज बनवू न शकणारे उंदीर संशोधकांनी तयार केले, तेव्हा ती पिल्ले हृदय निकामी होऊन जन्मानंतर दहा दिवसांच्या आत दगावली.

मात्र याच काळात दुसरी बाजूही पुढे आली होती. १९७३ साली बर्नार्ड बॅबिअर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की पांढऱ्या रक्तपेशी जंतूंना मारण्यासाठी सुपरऑक्साइड मुद्दाम तयार करतात. ज्या मुलांच्या रक्तपेशींत ही क्षमता जन्मतःच नसते, त्यांना वारंवार जीवघेणे संसर्ग होतात. रक्तवाहिन्यांना सैल होण्याचा निरोप देणारा नायट्रिक ऑक्साइड हाही एक मूलकच आहे. त्याच्या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. मुक्त मूलक हे केवळ शत्रू नव्हेत, शरीर त्यांच्याकडून कामही करून घेते. ही गोष्ट लोकांपर्यंत पोचली असती, तर पुढची शोकांतिका कदाचित टळली असती.

पण लोकांपर्यंत पोचले ते अर्धेच सत्य. मूलक वाईट, म्हणून त्यांना मारणारे चांगले, म्हणून ते जितके जास्त तितके बरे. दोन नोबेल पारितोषिके मिळवलेले लायनस पॉलिंग यांनी १९७० पासून क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांचा हिरिरीने पुरस्कार केला आणि गोळ्यांचा खप वाढला. या कल्पनेला शास्त्रीय वाटणारा आधारही होता. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्या आणि रक्तात बीटा कॅरोटीन जास्त असलेल्या लोकांना कर्करोग कमी होतो, असे अनेक पाहण्यांत दिसत होते. १९८१ साली रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये विचारले, की हे बीटा कॅरोटीनमुळेच होते काय? हे तपासायला चाचण्याच घ्यायला हव्यात, हा त्यांचा आग्रह रास्त होता.

फिनलंडमध्ये १९८५ पासून २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा निव्वळ दिखाऊ गोळी देण्यात आली. १९९४ साली निष्कर्ष आले, तेव्हा संशोधकांचाही विश्वास बसेना. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त होता. हा योगायोग असेल असे काहींना वाटले. अमेरिकेत अशीच दुसरी चाचणी सुरू होती. तिच्यात १८,३१४ धूम्रपान करणारे, पूर्वी धूम्रपान केलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले कामगार होते, आणि त्यांना बीटा कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही दिले जात होते. जानेवारी १९९६ मध्ये ती ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली. गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त होते. २२,०७१ अमेरिकी डॉक्टरांवरच्या तिसऱ्या दीर्घ चाचणीत बीटा कॅरोटीनचा फायदाही दिसला नाही आणि तोटाही नाही.

पुढेही चित्र पालटले नाही. ३५,००० हून अधिक पुरुषांवरच्या एका चाचणीत ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांनी प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का, हे पाहिले गेले. २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या गेल्या. २०११ साली कळले, की नुसते ई जीवनसत्त्व घेतलेल्यांत हा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त होता. २००७ साली ६८ चाचण्यांतल्या २,३२,६०६ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. बीटा कॅरोटीन, अ आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. अधिक काटेकोर चाचण्यांत तर मृत्यूचे प्रमाण थोडे वाढलेलेच आढळले.

असे का झाले? एक कारण पाहण्यांच्या मर्यादेत आहे. जे भाज्या-फळे नेमाने खातात, ते इतर बाबतींतही बहुधा प्रकृती जपतात, आणि भाजीत एकच रेणू नसतो. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. मूलकांची किंचित वाढ हा पेशीसाठी इशारा असतो. तो मिळाला की पेशी स्वतःच्या संरक्षक विकरांचे उत्पादन वाढवते. हा हुकूम देणारे एनआरएफ-२ हे प्रथिन कसे काम करते, ते १९९० च्या दशकात जपानचे मासायुकी यामामोतो यांच्या गटाने उलगडले. २००९ मध्ये जर्मनीतल्या मिखाएल रिस्टोव यांच्या गटाला दिसले, की व्यायामाबरोबर क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला नाही. गोळ्या न घेणाऱ्यांत तो सुधारला. गोळीने इशाराच दाबून टाकला होता. २०१४ साली स्वीडनमधल्या प्रयोगांत ई जीवनसत्त्व आणि एन-ॲसिटिलसिस्टीन यांनी उंदरांतल्या फुप्फुसाच्या गाठी अधिक वेगाने वाढल्या. मूलकांचा ताण कर्करोगाच्या पेशींवरही असतो, आणि अँटिऑक्सिडंट तो ताण त्यांच्यासाठीही हलका करतात.

म्हणून हे सारे संशोधन वाया गेले असे मात्र नाही. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेत यकृतातले ग्लुटॅथिऑन संपते आणि यकृत झपाट्याने निकामी होऊ लागते. तेव्हा उंदरांत अपायकारक ठरलेले तेच एन-ॲसिटिलसिस्टीन वेळेवर दिले, तर ग्लुटॅथिऑनचा साठा भरून निघतो आणि रुग्ण वाचतो. १९७० च्या दशकापासून या औषधाने असंख्य प्राण वाचवले आहेत. वार्धक्यात डोळ्यातला पीतबिंदू खराब होतो, त्या विकाराच्या मधल्या टप्प्यावर क व ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन आणि जस्त यांच्या ठरावीक मिश्रणाने तो बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटतो, असे २००१ साली सिद्ध झाले. पुढे त्या मिश्रणातून बीटा कॅरोटीन वगळून ल्युटिन व झियाझँथिन घातले गेले. नेमका आजार, नेमका रेणू आणि नेमकी मात्रा जुळली तिथे उपयोग झाला. सरसकट सर्वांना वाटलेल्या गोळ्यांनी तो झाला नाही.

हाच धडा बाळांच्या बाबतीत दुसऱ्यांदा शिकावा लागला. १९५४ नंतर डॉक्टरांनी ऑक्सिजनवर कडक निर्बंध घातले. अंधत्व घटले, पण श्वास अपुरा पडून अनेक बाळे दगावली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीतही हेच दिसले. रक्तातल्या ऑक्सिजनचे लक्ष्य ८५ ते ८९ टक्के ठेवले, तेव्हा डोळ्यांचा गंभीर विकार कमी झाला, पण मृत्यू वाढले. म्हणून आता साधारण ९० ते ९५ टक्क्यांचा टप्पा सांभाळला जातो. अधिक ऑक्सिजनने अपरिपक्व दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्यांची वाढ आधी थांबते आणि मग त्या वेड्यावाकड्या वाढतात. शिवाय दिवस न भरलेल्या बाळाची संरक्षक विकरेही पुरेशी तयार झालेली नसतात. भारतात नवजात अतिदक्षता विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत पोचल्यावर ही जबाबदारी आपल्यावरही आली आहे. २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाचे दृष्टिपटल जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावे, असे आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. घरात असे बाळ जन्मले, तर ही तपासणी कोणीही टाळू नये. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक बाळांची दृष्टी वाचते.

प्रीस्टलींपासून आजवरच्या या अडीचशे वर्षांचा निष्कर्ष मला स्पष्ट दिसतो. आपले संरक्षण बाहेरून ओतता येणारा पदार्थ नाही. अब्जावधी वर्षांपूर्वी पृथ्वीवर ऑक्सिजन वाढू लागला, तेव्हापासून जीवसृष्टीने घडवत आणलेली ती व्यवस्था आहे, आणि तिचे सामर्थ्य मूलकांचा पुरता नायनाट करण्यात नसून त्यांना मर्यादेत ठेवण्यात आहे. त्या व्यवस्थेसाठी आपण करू शकतो ती कामे साधी आहेत. तंबाखूचा धूर म्हणजे मूलकांचा थेट भडिमार, तो बंद करावा. भाज्या, फळे, डाळी आणि कडधान्ये ताटात असावीत, कारण विकरांना लागणारे जस्त, तांबे, मँगनीज आणि सेलेनियम आहारातूनच मिळतात. अंगमेहनत करावी, कारण तिच्या ताणाने पेशींचे स्वतःचे बळ वाढते. आणि कोणी डबीवरचा तो शब्द दाखवून आरोग्याची हमी देऊ लागला, तर त्याच्याकडे माणसांवर झालेल्या चाचणीचा पुरावा मागावा. फिनलंड आणि अमेरिकेतल्या हजारो लोकांनी स्वतःच्या शरीरावर धोका पत्करून आपल्याला हा प्रश्न विचारण्याचे शहाणपण दिले आहे.